यंत्राची ललकारी

कांहीं विषय असे असतात कीं, त्यांवर लेखणी उचलली म्हणजे विद्वान मंडळी प्रथम स्मित करतात आणि मग घड्याळाकडे पाहतात. संगणक सुरू करतांच त्याच्या पोटांतून जो सूर बाहेर पडतो, ज्याला व्यवहारांत स्टार्टअप साउंड म्हणतात व ज्याला आम्ही या लेखापुरतें आरंभनाद म्हणणार आहों, तो बंद ठेवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्याच जातीचा आहे. चार-पांच सेकंदांचा तो सूर. त्यावर मासिकाचीं पानें खर्ची घालावीं काय, असें आमच्या एका स्नेह्यांनीं विचारलेंच. अवश्य घालावीं, असें आमचें त्यांस उत्तर आहे. डांसाचें चावणेंहि क्षणाचेंच असतें; पण मच्छरदाणी लावावयाची कीं नाहीं हें डांसानें ठरवावें असा पक्ष कोणी मांडूं लागला, तर तो वाद क्षणाचा राहत नाहीं.

आणि असा पक्ष मांडला गेला आहे. त्याचा इतिहास पुढें येईलच. तूर्त त्याचें म्हणणें थोडक्यांत सांगतों. यंत्र ही त्याच्या कर्त्याची कृति आहे. तें कसें दिसावें, कसें उघडावें आणि उघडतांना त्यानें काय बोलावें, हे सर्व एकाच कल्पनेचे अवयव आहेत. ग्राहकानें त्यांतील एखादा अवयव छाटूं म्हणणें म्हणजे चित्र विकत घेऊन त्याचा कोपरा कापून टाकण्यासारखें आहे. उपमा ऐकावयास गोड आहे, पण ती दोन पावलेंहि चालत नाहीं. चित्र भिंतीवर गप्प बसतें. पुस्तकाचें मुखपृष्ठ आवडलें नाहीं तर पुस्तक पालथें घालतां येतें. डोळ्यास पापणी दिली आहे, कानास दिलेली नाहीं. म्हणून कानाशीं व्यवहार करणाऱ्यानें डोळ्याशीं व्यवहार करणाऱ्याहून अधिक मर्यादा पाळली पाहिजे, हें आपल्याकडे सर्वांस ठाऊक होतें. बोलावल्यावांचून गोंधळ घालणें हें गोंधळ्यालाहि मान्य नव्हतें.

प्रथम प्रतिपक्षाला जें देणें आहे तें देऊन टाकूं. यंत्रानें आवाजच करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. १९८१ सालीं आयबीएम कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारांत आणला, तेव्हां तो सुरू होतांच स्वतःच्या अवयवांची तपासणी करी आणि सर्व ठीक असलें तर एक आंखूड "टुक्" करून कामाला लागे. बिघाड असेल तर आवाजांची संख्या आणि लांबी बदले. एक लांब आणि दोन आंखूड आवाज आले म्हणजे पडद्याला चित्र पुरविणाऱ्या भागांत दोष आहे असें समजावें. या योजनेंत केवढें शहाणपण होतें पहा! पडदाच अंध झाला असेल तर त्यावर दोष लिहून दाखविण्यांत काय अर्थ? जें एक द्वार उघडें राहिलें त्या द्वारानें यंत्रानें आपलें दुखणें सांगावें, इतकाच तो विचार. दुरुस्ती करणारे कारागीर तो आवाज ऐकून, पेटी उघडण्यापूर्वींच रोग ओळखीत. पुढें इंटेलचा प्रोसेसर असलेल्या मॅकिंटॉश यंत्रांतहि हीच रीत राहिली: रॅम बसविलेली नसेल तर दर पांच सेकंदांनीं एकदां वाजावयाचें, रॅम सदोष असेल तर तीनदां वाजून थांबावयाचें आणि पुन्हां तीनदां वाजावयाचें. दुखणाइताच्या कण्हण्याला असभ्यपणा म्हणणारा मनुष्य आम्हीं अजून पाहिला नाहीं. आमची चौकशी निराळी आहे. तपासणीचा निरोप जेथें संपतो आणि गाणें जेथें सुरू होतें, ती सीमा कोणी, कधीं आणि कोणाच्या परवानगीनें ओलांडली, एवढेंच आम्हांस विचारावयाचें आहे.

मॅकिंटॉशचा पहिला अवतार १९८४ चा. तोहि सुरू होतांना एक साधा सूर काढी. ॲपलमध्यें जिम रीक्स नांवाचा एक ध्वनितज्ज्ञ होता. त्याला आपल्या कंपनीच्या यंत्रांतील तत्कालीन सूर इतका अप्रिय वाटे कीं, त्यानें स्वतःच्या घरीं, कॉर्ग वेव्हस्टेशन या वाद्यावर, दोन्ही हात पसरतील तितके पसरून सी मेजरचा एक भरघोस स्वरमेळ वाजविला आणि मुद्रित केला. १९९१ सालच्या क्वाड्रा यंत्रांतून तो जगाच्या कानावर आला. रीक्सचा हेतु वाईट नव्हता. त्या काळचीं यंत्रें वारंवार मान टाकीत. पुन्हां सुरू करणाऱ्या माणसाचें डोकें आधींच तापलेलें असे. त्या तापलेल्या डोक्यावर आणखी एक कर्कश सूर न पडतां कांहीं शांत पडावें, ही बुद्धि सहृदय माणसाची आहे. त्याचा स्वरमेळ गोड होता हेंहि आम्ही मोकळ्या मनानें सांगतों. २००८ सालच्या 'वॉल-ई' या चित्रपटांतला यंत्रमानव उन्हावर पुरता भारला गेला म्हणजे हाच सूर काढतो आणि प्रेक्षकांत ओळखीचें हंसूं पिकतें. एवढें प्रेम फार थोड्या गवयांच्या वांट्यास येतें. पण प्रेम मिळविणें आणि हक्क मिळविणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि रीक्सच्या सुरानें मिळविलेल्या प्रेमाच्या हुंडीवर पुढें सर्वांनींच हक्काची उचल केली.

विंडोज ९५ साठीं मायक्रोसॉफ्टनें ब्रायन इनो या इंग्रज संगीतकाराला पाचारण केलें. त्याच्या हातीं विशेषणांची एक लांबलचक यादी देण्यांत आली. सूर स्फूर्ति देणारा हवा, आशावादी हवा, भविष्याची चाहूल देणारा हवा, भावपूर्ण हवा, आणि हें सर्व सव्वातीन सेकंदांत बसावयास हवें. बिचाऱ्यानें ८४ तुकडे रचले. आमच्या जुन्या संगीत नाटक मंडळ्यांनीं एका नांदीसाठीं इतका प्रपंच केल्याचें ऐकिवांत नाहीं. गमतीची गोष्ट अशी कीं, हा विंडोजचा सूर आपण प्रतिस्पर्धी कंपनीच्या मॅकिंटॉशवर बसविला, असें इनोनेंच पुढें सांगितलें. त्या यादींतील जीं विशेषणें त्याच्या तोंडून प्रसिद्ध झालीं, त्यांत 'विचारून वाजणारा' हें विशेषण मात्र कोठें दिसत नाहीं. तें कोणास सुचलेंच नसावें. जो मनुष्य तो सूर ऐकणार, तो एकटा असेल कीं चार माणसांत असेल, दिवस असेल कीं मध्यरात्र, शेजारीं मूल निजलें असेल कीं म्हातारें माणूस, हा विचार त्या सव्वातीन सेकंदांत बसला नाहीं.

आतां मुख्य प्रकरणाकडे येतों. २००६ सालीं विंडोज व्हिस्टा ही आवृत्ति तयार होत होती. तिच्या आरंभनादासाठीं रॉबर्ट फ्रिप या नामांकित गिटारवादकाचें साह्य घेतलेलें होतें. जो सूर शेवटीं ठरला तो चार स्वरमेळांचा. विंडोजच्या निशाणाचे रंग चार म्हणून स्वरमेळहि चार. आणि त्यांची लय अशी बसविलेली कीं, 'विन-डोज विस-टा' हीं चार अक्षरें कानांत उमटावीं. येथवर आम्ही कौतुकानें ऐकलें असतें. पण त्याच सुमारास बातमी आली कीं, हा सूर ग्राहकाला बंद करतां येऊं नये असा कंपनीचा विचार आहे. यंत्र तयार झालें हें पडद्याकडे न पाहतांहि कळावें, असा त्यामागील युक्तिवाद होता. लोकांनीं एकच ओरड केली, आणि २००७ च्या जानेवारींत ती आवृत्ति सर्वसामान्य ग्राहकांच्या हातीं आली तेव्हां आवाजाच्या सेटिंगांत ती खूण काढून टाकण्याची सोय ठेवलेली होती. कंपनीनें लोकमताला मान दिला याबद्दल तिला दोष देण्याचें कारण नाहीं. पण ज्या डोक्यांत तो विचार प्रथम आला, त्या डोक्यांत ग्राहकाची मूर्ति कशी असेल, याचा विचार केल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

आमच्याकडे राजा दरबारांत येतांना भालदार-चोपदार ललकारी देत. त्या ललकारीलाहि कांहीं नियम होते. ती येणाऱ्याच्या नांवाची असे. चोपदार स्वतःच्या नांवाची ललकारी देत नसे, आणि ज्या सुतारानें सिंहासन घडविलें त्याच्या नांवाची तर कोणीच देत नसे. आतां येथें पहा. यंत्र आमचें, पैसे आमचे, खोली आमची, काम आमचें. दरबारांत येत आहों आम्ही. आणि ललकारी होते ती कारखानदाराच्या मालाच्या नांवाची, चार रंगांच्या चार स्वरमेळांत! चाकरानें पहांटे दार उघडतांच घरधन्याला रामराम करण्याऐवजीं आपल्या पूर्वींच्या धन्याच्या नांवाचा जयजयकार करावा, तशांतला हा प्रकार आहे. देवळांतील घंटेचें उदाहरण कोणी पुढें करील म्हणून आधींच सांगून ठेवतों. घंटा टांगणाऱ्या दात्याचें नांव कित्येकदां तिच्यावर कोरलेलें असतें. त्याला आमची हरकत नाहीं. पण ती वाजवावयाची कीं नुसता नमस्कार करून पुढें जावयाचें हें दर्शनास आलेला मनुष्य ठरवितो. दर्शनार्थी उंबरठ्यावर येतांच दात्याच्या नांवानें आपोआप वाजणारी घंटा कोणत्याहि देवस्थानच्या पंचांनीं मंजूर केली नसती.

हा सूर मालकीचें चिन्ह आहे, ही आमची कुत्सित कल्पना नव्हे. कायद्याच्या दप्तरांतच तशी नोंद आहे. ॲपलनें आपला आरंभनाद २०१२ सालीं अमेरिकेंत व्यापारचिन्ह म्हणून नोंदविला. भारतांतहि ध्वनीची अशी नोंद करतां येते. २००८ सालीं याहू कंपनीच्या त्या प्रसिद्ध यॉडलची नोंद झाली, आणि २०१७ च्या व्यापारचिन्ह नियमांप्रमाणें तीस सेकंदांपर्यंतचा ध्वनि एमपी-थ्री रूपांत दाखल करतां येतो. व्यापारचिन्ह कशासाठीं असतें? बाजारांत दहा दुकानदारांचा माल एकत्र पडला असतां कोणाचा कोणता हें गिऱ्हाइकाला ओळखतां यावें म्हणून. ठीक आहे. परंतु माल घेऊन आम्ही घरीं आलों, पावती कपाटांत ठेवली, म्हणजे बाजार संपला. साखरेच्या पोत्यावर व्यापाऱ्याचा छाप असतो म्हणून चहाचा प्रत्येक घोट घेतांना त्या व्यापाऱ्याचें नांव घ्यावें लागत नाहीं.

पण ही सारी मानाची गोष्ट झाली, आणि नुसत्या मानासाठीं आम्हीं एवढा खटाटोप केला नसता. खरा प्रश्न झोंपेचा आहे. रीक्सचा सूर त्याच्या स्वतःच्या घरांत, त्याच्या खासगी ध्वनिशाळेंत जन्मला, हें आम्हीं वर सांगितलेंच. ज्या देशांत हे सूर रचले गेले तेथें मध्यम स्थितींतल्या मुलालाहि पुष्कळदां स्वतंत्र खोली असते. दार लावलें म्हणजे सूर त्याच्यापुरता राहतो. मुंबईच्या चाळींतील दहा बाय बाराच्या खोलींत तोच सूर वाजला म्हणजे काय होतें, याची कल्पना त्या ध्वनिशाळेंत बसून येणें कठीण. आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी अशा खोलींत राहतो. घरांत सहा माणसें. वडील तिसऱ्या पाळीला, म्हणजे ते सकाळीं सातला येऊन निजणार. आजी रात्रभर खोकून पहांटे कोठें डोळा लागलेली. धाकटें भावंड तिच्या कुशींत. परीक्षेच्या दिवसांत याला चारला उठून अभ्यास करावयाचा. यंत्र एका संस्थेनें दिलेलें; त्याच्या सेटिंगांना संस्थेचें कुलूप, आणि कुलुपाची किल्ली ज्याच्याजवळ आहे तो गृहस्थ महिन्यांतून एकदां भेटतो. तेव्हां हा मुलगा काय करतो? यंत्र गोधडींत गुंडाळतो, गोधडीच्या आंत हात घालून तें सुरू करतो, सूर विरला असें वाटलें म्हणजे बाहेर काढतो. त्यानें हें आम्हांस हंसत सांगितलें. आम्हांस हंसूं आलें नाहीं. अब्जावधि डॉलरांचीं कारखानदारी साम्राज्यें, जगप्रसिद्ध संगीतकार, ८४ तुकडे, आणि या सर्वांवर उतारा काय, तर आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी!

ग्रंथालयांतहि तेंच. वाचनालयाच्या शांततेंत एखादी विद्यार्थिनी यंत्र उघडते आणि तत्पूर्वीं दोन्ही तळहात स्पीकरच्या जाळीवर दाबून धरते. कोणी हेडफोनची नुसती रिकामी पिन भोंकांत खुपसून ठेवतो, म्हणजे यंत्राला वाटावें कीं सूर कानांत गेला. हे हावभाव आम्ही गेलीं कित्येक वर्षें पाहत आहों. स्वतःच्या पैशानें घेतलेल्या वस्तूचें तोंड दाबून धरावें लागणें, आणि तें दाबून धरतांना आपणच कांहीं अपराध करीत आहों अशा चेहऱ्यानें आजूबाजूला पाहणें, हें दृश्य ज्यांना विनोदी वाटत असेल त्यांच्याशीं आमचा वाद खुंटला.

"आवाज कमी करून ठेवा, म्हणजे झालें," असें सांगणारे सूज्ञ पुष्कळ भेटतात. त्यांना यंत्राची रचना ठाऊक नसते. मॅकिंटॉशमध्यें हा सूर ऑपरेटिंग सिस्टिम जागी होण्यापूर्वींच, यंत्राच्या मुळाशीं कोरलेल्या सूचनांतून निघतो. त्या घटकेला आवाज कमी-जास्त करण्याची पट्टी पडद्यावर अजून जन्मलेलीच नसते. पूर्वींच्या बहुतेक यंत्रांत मागच्या वेळीं बंद करतांना जो आवाज ठेवला असेल त्याच मापानें सूर निघे. याचा अर्थ, उद्यां पहांटे घर जागें होऊं नये म्हणून आज रात्रीं यंत्र बंद करतांना आठवणीनें त्याचा गळा आवळावयाचा. एक रात्र विसरलां कीं पहांटे ललकारी. म्हणून कांहीं धाडसी लोक टर्मिनल नांवाच्या काळ्या-पांढऱ्या खिडकींत एक मंत्र लिहीत. त्यांत 'सुडो' आणि 'एनव्हीरॅम' हीं बीजाक्षरें आणि शेवटीं टक्क्याचें चिन्ह व ८० हा आंकडा, ज्याचा टक्क्यांशीं काडीचा संबंध नाहीं. १९८४ पासून २०२० पर्यंत, म्हणजे तब्बल ३६ वर्षें, केवळ आरंभनाद बंद करण्याची वेगळी, उघड, नांव लिहिलेली अशी चौकट त्या यंत्रांत नव्हती. कानाचा आणि कारखान्याचा छत्तिसाचा आंकडा म्हणतात तो याहून अक्षरशः खरा होणें शक्य नाहीं.

दुसरे एक प्रतिपक्षी रसिकतेचा आधार घेतात. इनो थोर आहे, फ्रिप थोर आहे. अशा कलावंतांची कृति बंद करणारा मनुष्य अरसिक! यावर आम्ही एवढेंच विचारतों: अब्दुल करीमखांचा सूर आम्हांस प्राणाहून प्रिय आहे, म्हणून दरवेळीं कपाट उघडतांच त्यांची तीच एक तान, तितकीच, त्याच ठिकाणीं तोडलेली, वर्षानुवर्षें ऐकूं येऊं लागली, तर वर्षअखेर आमची रसिकता वाढलेली असेल कीं आमचें कपाट विकलेलें असेल? संगीत ऐकण्यासाठीं मनुष्य बसतो, मन मोकळें करतो, तंबोरे जुळेपर्यंत वाट पाहतो. ज्याला पगारपत्रक तपासावयाचें आहे, किंवा रुग्णालयांतून आलेला अहवाल धडधडत्या छातीनें उघडावयाचा आहे, त्याच्यावर स्फूर्ति, आशा आणि भावपूर्णता यांचा सव्वातीन सेकंदांचा वर्षाव करणें ही रसिकता नव्हे. त्या माणसाला त्या क्षणीं कोणत्या भावनेची गरज आहे हें कंपनीस कळलें कसें?

याहून गंभीर आक्षेप एकच आहे, आणि तो करणारे लोक कारखानदार नव्हेत. ज्यांना दृष्टि नाहीं त्यांचा तो आक्षेप. पडदा उजळला कीं नाहीं हें त्यांना दिसत नाहीं. पडदा वाचून दाखविणारा आवाज सुरू होण्यास अवकाश असतो. मधल्या वेळांत बटण नीट दाबलें गेलें कीं नाहीं, यंत्र जिवंत आहे कीं नाहीं, हें सांगणारा तोच एक सूर. त्यांचें म्हणणें शंभर टक्के खरें आहे, आणि नेमक्या याच कारणासाठीं आम्ही 'सूर नष्ट करा' या पक्षालाहि मिळत नाहीं. २०१६ च्या अखेरीस निघालेल्या मॅकबुक प्रोमधून ॲपलनें हा सूर काढूनच टाकला. झांकण उघडलें कीं यंत्र आपण होऊन सुरू होणार, मग सूर कशाला, असा हिशेब. कित्येक शांतताप्रिय मंडळींनीं तेव्हां टाळ्या वाजविल्या. आम्हांस टाळी वाजवावीशी वाटली नाहीं. पंचवीस वर्षें वाजविण्याचा हुकूम ज्यांनीं दिला, त्यांनींच आतां गप्प बसण्याचा हुकूम दिला. ज्याला सूर हवा होता त्याला विचारलें नाहीं, ज्याला नको होता त्यालाहि विचारलें नव्हतें. ज्यांना तो परत हवा होता त्यांना पुन्हां त्याच टर्मिनलच्या खिडकींत निराळा मंत्र जपावा लागला! मायक्रोसॉफ्टचेंहि तसेंच: २०१२ च्या विंडोज ८ मध्यें सूर मुळांतच बंद, २०२१ च्या विंडोज ११ मध्यें पुन्हां मुळांतच चालू. कारखान्यांत वारा फिरला कीं आमच्या घरांतील कोंबडा आरवावयाचा किंवा मुका व्हावयाचा.

२०२० च्या मॅकओएस आवृत्तीनें, जिचें नांव बिग सर आहे (तें ऐकून आमच्या विद्यार्थ्यांस उगीचच आमची आठवण होते), हा प्रश्न बऱ्याच अंशीं सोडविला. सूर परत आला, आणि आवाजाच्या सेटिंगांत 'सुरू होतांना सूर वाजवा' अशी सरळ चौकट आली. खूण ठेवा किंवा काढा. ३६ वर्षें न सांपडलेली वस्तु ही एवढीच होती. विंडोजमध्यें चौकट आहे, पण तिच्यापर्यंत पोंचण्याचा मार्ग चक्रव्यूहाचा: प्रथम सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग साउंड, मग तळाशीं आवाजाचीं आणखी सेटिंगें, मग एक जुन्या बांधणीची खिडकी, तिच्यांतील तिसरें पान, आणि त्या पानाच्या खालच्या अंगास, घटनांच्या लांब यादीखालीं, ती खूण. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांस तिचा पत्ता आम्हीं फोनवरून सांगितला, तेव्हां दोन वेळां चहा झाला.

आवाजाच्या बाबतींत आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो हेंहि पाहण्यासारखें आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा घातली; रात्र म्हणजे दहापासून सहापर्यंत. २००५ च्या जुलैंत सर्वोच्च न्यायालयानें याच विषयावरील निकालांत स्पष्ट केलें कीं, बोलण्याचा हक्क एकाला असेल तर ऐकण्याचा किंवा ऐकण्यास नकार देण्याचा हक्क दुसऱ्याला आहे; ध्वनिक्षेपक लावून कोणाच्या कानावर बळजबरी करण्याचा मूलभूत हक्क कोणालाच नाहीं. मांडीवरच्या संगणकाला हा निकाल लागू करा असें म्हणण्याइतके आम्ही बावळट नाहीं. पण जें तत्त्व मांडवांतल्या कर्ण्याला लागू, तें तत्त्व म्हणून तरी आमच्या टेबलावरच्या पेटीला लागू कां नसावें, हें प्रतिपक्षानें सांगावें. कर्णेवाला निदान वर्षांतून दहा दिवस येतो आणि वर्गणी मागतांना दारीं उभा राहतो.

आमची मागणी मोठी नाहीं. नवें यंत्र प्रथम उघडलें म्हणजे तें आपणांस भाषा विचारतें, देश विचारतें, कळपट्टीची जात विचारतें, वायफायचा परवलीचा शब्द विचारतें, आणि वीस-वीस पानांच्या करारांस संमति विचारतें. या प्रश्नांच्या रांगेंत आणखी एक प्रश्न बसवावा: सुरू होतांना वाजूं कीं न वाजूं? हा प्रश्न लेखी असावा आणि मोठ्यानें उच्चारलेलाहि असावा, म्हणजे ज्यांना दिसत नाहीं त्यांनाहि उत्तर देतां येईल. एकदां दिलेलें उत्तर पुढच्या आवृत्तीनें परस्पर बदलूं नये. आणि जेथें यंत्र संस्थेच्या मालकीचें आहे तेथें इतर सेटिंगांना हवें तेवढें कुलूप घालावें, पण हें एक बटण वापरणाऱ्याच्या हातीं मोकळें ठेवावें. बिघाडाचे इशारे जसेच्या तसे राहूं द्यावेत. ते बंद करण्याची सोय कोणी मागितली तर तिला आम्हीच प्रथम विरोध करूं.

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयांतील यंत्रांपैकीं एक, जें दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठीं राखलेलें आहे, तें वगळून बाकी सर्व यंत्रांची ती खूण ग्रंथपालांनीं गेल्या सत्रांत काढून टाकली. सर्व मिळून पाऊण तास लागला. प्रयोगशाळेंतील यंत्रांची बाब समितीपुढें आहे. समितीची पहिली सभा गणसंख्येच्या अभावीं तहकूब झाली.